‘क्लेम बसत नाही’ असं पत्र आल्यावर

२०२५ च्या डिसेंबरचा पहिला आठवडा विमानाने प्रवास करणाऱ्यांच्या चांगलाच लक्षात राहील. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला होता. त्याला पुरेल इतकी माणसं इंडिगोने वेळेत उभी केली नव्हती, आणि ५ डिसेंबर या एकाच दिवशी त्या कंपनीची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. पुण्याचं लोहगाव विमानतळही त्यातून सुटलं नाही. शिरूरहून हे विमानतळ साठेक किलोमीटर, दौंडहून त्याहून लांब. सकाळचं विमान असेल तर वाघोलीची कोंडी टाळायला मध्यरात्रीच गाडी काढावी लागते. एवढं करून विमानतळाच्या दारात पोहोचल्यावर ‘उड्डाण रद्द’ असा मेसेज येतो, तेव्हा नुसतं तिकीट बुडत नाही. गाडीभाडं जातं, पुढच्या गावच्या हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे जातात, कामावरची रजा वाया जाते.

त्या वेळी सरकारने हस्तक्षेप केला. अडकलेले तिकिटांचे पैसे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत परत करा, असा आदेश कंपनीला दिला. पण रिफंड म्हणजे फक्त तिकीट. बाकीच्या खर्चाचं काय, असा प्रश्न पडला की तिकीट काढताना दोन-तीनशे रुपये जादा देऊन घेतलेला प्रवास विमा आठवतो. अर्ज केला जातो, कागद पाठवले जातात, आणि काही दिवसांनी दोन ओळींचं इंग्रजी उत्तर येतं: तुमचा क्लेम पॉलिसीच्या अटींत बसत नाही. बहुतेक माणसं इथेच थांबतात. त्यांनी थांबू नये, म्हणून हा लेख.

या सगळ्या भांडणात निकाल लावणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे लेखी कारण. विमान का रद्द झालं याचं विमान कंपनीकडून लेखी कारण, आणि क्लेम का नाकारला याचं विमा कंपनीकडून कलमासकट लेखी कारण. हे दोन कागद हातात असतील तर पुढचा रस्ता सोपा आहे. नसतील, तर कितीही खरी तक्रार असली तरी ती हवेत राहते.

आधी तुमच्याकडे नेमका कोणता विमा आहे ते बघा. आपल्या भागात तिकिटं बऱ्याचदा एजंटाकडून काढली जातात. मुलगा अमेरिकेत, आईवडील न्हावऱ्यात किंवा केडगावात. तिकीट शिरूरच्या बाजारपेठेतल्या नाहीतर दौंड स्टेशनजवळच्या एजंटाकडून. एजंट स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ई-मेल टाकतो. पॉलिसी त्याच्या ई-मेलवर जाते आणि प्रवाशाला फक्त तिकिटाची प्रिंट मिळते. यात दोन नुकसानं आहेत. एक, पॉलिसीच्या अटी तुम्ही कधी पाहिलेल्याच नसतात. दुसरं जास्त महाग पडतं: बुकिंगच्या वेळी प्रवाशाचा नीट संपर्क दिलेला नसेल, तर उड्डाण रद्द झाल्याची भरपाई देण्यातून विमान कंपनीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनीच सूट मिळते. म्हणून तिकीट काढताना स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा तरी नंबर घालायला लावा. आणि आता क्लेम नाकारला गेला असेल, तर एजंटाकडून आज तीन गोष्टी मागून घ्या: विम्याचं प्रमाणपत्र, संपूर्ण अटी असलेली पॉलिसी, आणि ग्राहक माहितीपत्रक. हे माहितीपत्रक सोप्या भाषेत देणं विमा नियामकाने कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. एजंटाने टाळाटाळ केली, तर प्रमाणपत्र क्रमांक किंवा पीएनआर देऊन विमा कंपनीकडे थेट मागता येतं.

कागद हाती आला की त्यातले मथळे नीट वाचा. बाहेरून एकच ‘ट्रॅव्हल इन्शुरन्स’ दिसत असला तरी आत वेगवेगळी कलमं असतात. ‘ट्रिप कॅन्सलेशन’ म्हणजे आजारपण, अपघात किंवा घरातला मृत्यू अशा कारणाने तुम्ही स्वतः प्रवास रद्द केलात तर. ‘फ्लाइट कॅन्सलेशन’ म्हणजे विमान कंपनीने रद्द केलं तर. ‘फ्लाइट डिले’ म्हणजे ठरलेल्या तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर एक ठरावीक रक्कम. ‘मिस्ड कनेक्शन’ म्हणजे पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं विमान चुकलं तर. नगर रस्त्यावरच्या कोंडीत गाडी अडकल्यामुळे विमान चुकणं यांपैकी कशातच सहसा येत नाही. त्यासाठी वेगळं कलम असेल तरच. कंपनीने विमान रद्द केलेलं असताना घाईघाईत अर्जात ‘ट्रिप कॅन्सलेशन’वर खूण केली, की संगणकावर क्लेम नाकारला जाणं ठरलेलंच. असं झालं असेल, तर पहिलं काम म्हणजे योग्य कलमाखाली फेरविचार मागणं. त्यासाठी लढाईचीही गरज पडत नाही.

पुढचा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे, तो सावकाश वाचा. पॉलिसीत उड्डाण रद्द होण्याची कारणं बहुधा मोजून दिलेली असतात: खराब हवामान, विमानातला तांत्रिक बिघाड, कर्मचाऱ्यांचा संप वगैरे. विमान कंपनी मात्र मेसेजमध्ये ‘ऑपरेशनल कारणामुळे’ एवढंच लिहिते. या शब्दाखाली काहीही खपतं; बिघाडही, माणसांची कमतरताही. विमा कंपनी तो मेसेज पाहते आणि म्हणते, हे कारण आमच्या यादीत नाही. म्हणून विमान कंपनीकडे कारणाचं प्रमाणपत्र मागा. उड्डाण रद्द झाल्याचा किंवा उशिराचा दाखला बहुतेक कंपन्या ई-मेलवर किंवा आपल्या वेबसाइटवरून देतात. त्यात उड्डाण क्रमांक, तारीख, मूळ वेळ आणि कारण हवं. पहिल्या दाखल्यात पुन्हा ‘ऑपरेशनल’ आलं, तर परत लिहा: “विमा दाव्यासाठी रद्द होण्याचं नेमकं कारण कळवावं.” तरी उत्तर नसेल तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका. कंपनीने तिथे दिलेलं उत्तरही तुमच्या फाइलमध्ये पुरावा म्हणून चालतं. डिसेंबर २०२५ च्या गोंधळाचं कारण तर सरकारी पातळीवर जाहीर झालेलं आहे, त्यामुळे त्या दिवसांचा दावा असेल तर त्याचा उल्लेख जरूर करा.

विमा कंपनीची यादी तरी काय सांगते, हेही बारकाईने पाहायला हवं. काही पॉलिसी फक्त मोजकी कारणं मान्य करतात. काहींत उलट असतं: विमान कंपनीने रद्द केलं की पैसे, फक्त अमुक-तमुक कारणं वगळून. दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीत वगळलेल्या कारणांत तुमचं प्रकरण बसतं हे दाखवण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येते. हा फरक समजला की अर्धी तक्रार लिहून झाली म्हणून समजा.

काही नकार खरोखर पक्के असतात, तेही सांगायला हवं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षामुळे श्रीनगरसह उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ १२ मेपर्यंत बंद होते. काश्मीरला निघालेल्या पुणे जिल्ह्यातल्या पर्यटकांच्याही सहली तेव्हा मोडल्या. युद्ध आणि युद्धसदृश परिस्थिती बहुतेक प्रवास विम्यांत वगळलेली असते, आणि तिथे भांडून फारसं हाती लागत नाही. गो फर्स्टने ३ मे २०२३ पासून उड्डाणं बंद केली आणि दिवाळखोरीची वाट धरली. विमान कंपनीचं दिवाळं हेही अनेक पॉलिसींत वगळलेलं असतं. तिथे विम्यामागे लागण्यापेक्षा कार्डने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डवरून गेलेली रक्कम परत, मागणं जास्त उपयोगाचं. त्याला मुदत असते, म्हणून लगेच बँकेत जा. रद्द होण्याची बातमी सगळीकडे आल्यानंतर विमा घेतला असेल, तर तोही दावा टिकणं अवघड.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा. विमान कंपनीकडून मिळणारं आणि विमा कंपनीकडून मिळणारं, हे दोन वेगळे हक्क आहेत. डीजीसीएच्या नियमांनुसार उड्डाण रद्द झालं की पर्यायी विमान किंवा पूर्ण रिफंड, यातलं काय घ्यायचं ते प्रवाशाने ठरवायचं. पैशांऐवजी क्रेडिट शेल, म्हणजे त्याच कंपनीकडे पुढच्या तिकिटासाठी जमा राहणारी रक्कम, घ्यायचं की नाही, हेही प्रवाशानेच ठरवायचं, कंपनीने ते गळ्यात मारायचं नाही. एजंटाकडून तिकीट काढलं असलं तरी रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते. रद्द झाल्याचं वेळेत कळवलं नसेल तर त्यावर भरपाईही लागते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि दोन तासांहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. हवामान, पूर, संप, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत ही भरपाई लागत नाही. कंपनीने स्वतःच पुरेशी माणसं नेमली नाहीत, हे त्या यादीत येत नाही. डिसेंबरच्या प्रकरणात इंडिगोनेही ऐनवेळी रद्द झालेल्या उड्डाणांसाठी ही भरपाई आणि ज्यांचे फार हाल झाले त्यांना १०,००० रुपयांची प्रवास व्हाउचरं जाहीर केली होती.

विमा या सगळ्याच्या पलीकडे, उरलेल्या तोट्यासाठी असतो. समजा, शिक्रापूरचं चौघांचं कुटुंब पुण्याहून दिल्लीमार्गे हरिद्वारला निघालं. विमान रद्द झालं. तिकिटांचे २४,००० रुपये परत मिळाले. पण हरिद्वारच्या हॉटेलचे ९,००० परत न मिळणारे होते, दिल्लीहून ठरवलेल्या गाडीची २,००० रुपये आगाऊ रक्कम बुडाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाला ११,००० जादा पडले. अशा वेळी तिकिटाचे पैसे विम्याकडे मागू नका; ते मागितलेत की ‘रिफंड मिळाला आहे’ एवढ्या एका वाक्यावर सगळाच दावा उडवला जातो. हॉटेल, गाडी आणि जादा भाडं असे २२,००० रुपये, प्रत्येक खर्चापुढे पॉलिसीचं कलम लिहून, वेगळे मागा. रिफंड किती मिळाला तेही स्वतःहून लिहा. लपवाछपवी सापडली तर खरा दावाही संशयात येतो.

पुराव्यांत आपल्याकडे हमखास कमी पडतात त्या गाडीभाड्याच्या पावत्या. ओळखीतल्या गाडीवाल्याला रोख पैसे दिले की बिल राहत नाही. भाडं यूपीआयने द्या, किंवा साध्या कागदावर गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठे आणि रक्कम लिहून सही घ्या. विमानतळावरच्या फलकाचा फोटो, कंपनीचे मेसेज, ॲपवरचा स्क्रीनशॉट पुसू नका. हॉटेलकडून ‘पैसे परत देता येणार नाहीत’ असा ई-मेल मागवा. तो नसेल तर तुमचं नुकसान झालंच नाही असं म्हणायला विमा कंपनीला जागा राहते. मोबाइलमधला पुरावा पुढे ग्राहक आयोगात द्यायचा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते आजच तयार ठेवायची गरज नाही, पण मूळ मेसेज त्याच मोबाइलमध्ये असू द्या.

आता नकाराच्या पत्राकडे येऊ. फोनवर सांगितलेला नकार हा नकार नाही. कॉल सेंटरच्या माणसाला नम्रपणे सांगा: “हे मला लेखी पाठवा, कलम क्रमांकासह.” लेखी नकारात जे कारण दिलं असेल, त्यालाच कंपनी पुढे बांधली जाते. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. नकारपत्रात नसलेलं नवं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. त्याच वर्षी भारत वॉच कंपनीच्या निकालात न्यायालय म्हणालं की, विमाधारकाला न कळवलेली वगळणुकीची अट त्याच्यावर लादता येत नाही. तिकिटाबरोबर नुसती एक खूण करून घेतलेल्या आणि अटी एजंटाच्या ई-मेलमध्ये पडून राहिलेल्या विम्यांसाठी हा निकाल फार उपयोगी आहे. आणि उशिरा कळवलं म्हणून नकार आला असेल, तर २०१७ चा ट्रकचोरीच्या दाव्यातला निकाल आठवा. उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तर खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये, असं न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. कागदपत्रं अपुरी आहेत एवढ्यावरून दावा नाकारू नये, असं नियामकाने २०२४ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलेलं आहेच. अपुरा कागद असेल तर त्यांनी मागावा, तुम्ही द्यावा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पहिलं पत्र लिहायचं. या अधिकाऱ्याचा ई-मेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. रागाने चार पानं लिहू नका. वाचणाऱ्याला उत्तर देणं टाळता येणार नाही इतकं आखीव लिहा. साधारण असं:

“माझा पॉलिसी प्रमाणपत्र क्रमांक अमुक, दावा क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजीचं पुणे–दिल्ली उड्डाण विमान कंपनीने रद्द केलं. रद्द होण्याच्या कारणाचा कंपनीचा दाखला सोबत जोडला आहे. आपण दिनांक अमुकच्या पत्राने कलम अमुकचा आधार घेऊन दावा नाकारला आहे. माझा दावा कलम अमुक खालचा असून त्यात विमान कंपनीने उड्डाण रद्द करणं समाविष्ट आहे. आपण सांगितलेली वगळणूक मला या कारणाने लागू होत नाही. तिकिटाचा रिफंड मिळाला असून त्याची मागणी मी करत नाही. उरलेल्या नुकसानीचा तपशील आणि पावत्या सोबत आहेत. दाव्याची रक्कम नियमानुसार व्याजासह द्यावी, अथवा नकार कायम असेल तर प्रत्येक मुद्द्याचं लेखी उत्तर द्यावं.”

पत्र ई-मेलने पाठवाच, शिवाय स्पीड पोस्टानेही पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे पोस्टात गेल्यावर गोंधळू नका. पावती जपा. तक्रारीचा निकाल कंपनीने दोन आठवड्यांत द्यायचा असतो.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. इंटरनेट जमत नसेल तर १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२ या टोल फ्री क्रमांकांवर फोन करा आणि टोकन क्रमांक लिहून घ्या. नियामक तिथे न्यायनिवाडा करत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तरावर नजर ठेवतो. तरीही ही पायरी टाळू नये. कॉल सेंटरमध्ये अडकलेली फाइल एवढ्यानेच वरच्या टेबलावर जाऊ शकते.

खरा निवाडा मिळतो तो विमा लोकपालाकडे. लोकांना याची माहिती फार कमी आहे, याचं मला वाईट वाटतं. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या हद्दीत येतात. हे कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. इथे फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना चालतही नाही. तुमची बाजू तुम्हीच मांडायची. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे इथे चालतात, म्हणजे प्रवास विम्याच्या दाव्यांना रकमेची अडचण नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, आणि कंपनीने ती फेटाळलेली असावी, किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नसावं, किंवा दिलेलं उत्तर तुम्हाला अमान्य असावं. त्यानंतर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जायला हवं. तक्रार विमा लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येते. दोन्ही बाजूंची तयारी असेल तर लोकपाल मध्यस्थी करून तोडगा सुचवतात; नाहीतर सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतात. तो निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीने तो ३० दिवसांत पाळला नाही, तर तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये देण्याची तरतूद नियामकाने केली आहे. सुनावणीला जाताना पॉलिसीतली दोन-तीन कलमं अधोरेखित करून न्या, आणि तीच दाखवा. सहलीचं सगळं पुराण सांगत बसलात तर मुद्दा हरवतो.

तोच विषय आधीच ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी लोकपाल, नंतर गरज पडली तर ग्राहक आयोग. आयोगाची दोन वर्षांची मुदत मात्र नकाराच्या तारखेपासून मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. लोकपालाकडे वेळ गेला म्हणून ती आपोआप वाढेल असं धरू नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने आपल्यासारख्या तालुक्याच्या माणसाला एक मोठी सोय दिली. विमा कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की गुरुग्रामला, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात करता येते. फी ठरते ती तुम्ही भरलेल्या मोबदल्यावर, मागितलेल्या भरपाईवर नाही. प्रवास विम्यात मोबदला म्हणजे प्रीमियम. पाच लाखांपर्यंत फी शून्य. म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रवास विम्याची तक्रार विनाशुल्क आहे. तक्रार मराठीत करता येते आणि २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते. वकील सक्तीचा नाही. दाव्याच्या रकमेबरोबर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागता येतो. विमान कंपनीने भरपाई बुडवली असेल तर तिलाही याच तक्रारीत प्रतिवादी करता येतं. तारखा पडतात आणि वेळ लागतो, हे मान्य करूनच या वाटेला जावं. कोर्टकचेरीआधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं.

आणखी एक दार आहे, ते वकिलांनाही पटकन आठवत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मधल्या कलम २२-अ मध्ये ‘सार्वजनिक उपयुक्तता सेवां’ची यादी आहे. त्यात हवाई प्रवासी वाहतूकही आहे आणि विमाही. म्हणजे रद्द झालेल्या विमानाचा वाद आणि नाकारलेल्या विम्याचा वाद, दोन्ही कायम लोक अदालतीपुढे नेता येतात. ही अदालत आधी तडजोड घडवून आणायचा प्रयत्न करते. तडजोड झाली नाही तर स्वतः निकाल देते. न्यायशुल्क नाही. तिच्या निकालावर अपील नाही, हे मात्र आधी नीट समजून घ्या. शिरूर आणि दौंडच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समिती आहे. अर्ज कसा करायचा, मोफत वकील मिळेल का, हे तिथे विचारता येतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालचे नागरिक मोफत विधी साहाय्याला पात्र असतात. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

एक धोका अलीकडे फार वाढला आहे. क्लेम अडकला की माणूस गुगलवर कंपनीचा फोन नंबर शोधतो आणि ठगाच्या हाती सापडतो. ‘रिफंडसाठी हे ॲप टाका’, ‘क्लेम सोडवायला आधी इतकी फी भरा’, असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. नंबर पॉलिसीवरचाच वापरा. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर कळवा.

घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना एक विनंती. म्हाताऱ्या आईवडिलांचं तिकीट काढून दिलंत, तर पॉलिसीचं पानही त्यांच्या पिशवीत ठेवा आणि क्लेमचा अर्ज, बँक खातं, सही हे सगळं त्यांच्याच नावाने करा, कारण दावा ज्याचा विमा त्याचाच असतो. तुमच्या खात्यात पैसे मागितल्यामुळे परत आलेले अर्ज पुन्हा भरण्यात महिने जातात. आणि दोन-पाच हजारांसाठी कशाला भांडायचं, असं त्यांना म्हणू नका. ऊसतोडीच्या हंगामात किंवा रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत पाळी करून मिळवलेले ते पैसे आहेत, आणि प्रीमियम भरताना त्यांना कुणी सवलत दिलेली नव्हती.

ज्यांचं विमान डिसेंबर २०२५ मध्ये रद्द झालं आणि विम्याचा नकार ज्यांच्याकडे पडून आहे, त्यांनी ते पत्र आज बाहेर काढावं आणि त्यावरची तारीख बघावी. कंपनीला लेखी तक्रार अजून केली नसेल, तर ती याच आठवड्यात स्पीड पोस्टाने रवाना करा.